साउथहॅम्प्टन विरुद्ध हॅरो

साउथहॅम्प्टन
२ मार्च २०२५

चि. इरावतीस,

आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक तक्रार.

तू लिहिलंस, "आजोबा, जूनमध्ये ए-लेव्हलचा पॉलिटिक्सचा पेपर आहे. त्यात अमेरिकेचं सरकार आहे. तुम्ही वाचा आणि मला समजवा." या तुमच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत फोन आईच्या स्वाधीन केलायस, म्हणून पत्रं लिहायची, आणि तीही मराठीत, म्हणजे रविवारच्या मराठी शाळेची फी वसूल. मला हे बरंच पडलं. फोनवर हल्ली मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या सोयीने भरतो.

तर लायब्ररीतून हे एवढं जाड पुस्तक आणलं. चाळीस वर्षं मी भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या लोकांना ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं. पुस्तकाने पहिल्याच दुपारी त्या सगळ्यांच्या वतीने माझ्यावर सूड उगवला.

दुसऱ्या दिवशी नेट लावून बसलो. काँग्रेसने कायदे करायचे, राष्ट्राध्यक्षाने आणि त्याच्या खात्यांनी ते राबवायचे, आणि कुठे वाकडं गेलं तर कोर्टाने सांगायचं. आपल्याकडे पंतप्रधान पार्लमेंटातच बसतो. तिथे राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसमध्ये खुर्चीच नाही. मंत्री तो स्वतः निवडतो आणि मनात आलं की घरी पाठवतो. इथवर डोक्यात शिरलं. पण सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायाधीशसुद्धा तोच नेमतो म्हणे! मग ते त्याच्याविरुद्ध निकाल देतील कशाला? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा आपला साधा हिशेब. इथे माझं घोडं अडलंय. उलट तूच मला समजव.

बाकी, तुझ्या बापाचा फोन आला होता. जुलैअखेर मी कायमचं हॅरोला तुमच्याकडे यायचं आणि हे घर विकायला काढायचं, असं त्याने जाहीर केलं. एजंटसुद्धा ठरलाय. मी ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवून दिला, तर तेच सगळं ईमेलने आलं, मुद्द्यांना आकडे घालून. कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात पंचवीस वर्षं काढली की माणूस बापालासुद्धा नोटीस काढतो. तुझी आजी असती तर तिने या मिहीरला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. मला तेवढं जमत नाही.

तुझा,
आजोबा

हॅरो
९ मार्च २०२५

प्रिय आजोबा,

नमस्कार. आई म्हणाली 'तीर्थरूप' लिही. मला ते लिहिता येतं पण त्याचा अर्थ नीट येत नाही, म्हणून प्रिय. बाकीच्या चुका आईने दुरुस्त केल्या आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राष्ट्राध्यक्ष फक्त नाव सुचवतो. मग सेनेट त्या माणसाला प्रश्न विचारतं आणि मत देतं. पण एकदा नेमला की तो जज आयुष्यभर. त्याचा पगार कमी करता येत नाही. काढायचा तर काँग्रेसने महाभियोग चालवावा लागतो, आणि ते फार क्वचित होतं. आमची मिस म्हणते, म्हणून त्याला कोणालाच थँक्यू म्हणावं लागत नाही. कधीकधी ज्याने नेमलं त्याच्याविरुद्धच तो निकाल देतो.

मी हे डिनरला सांगितलं. म्हटलं, बाबा, तुमचा ईमेल म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, राष्ट्राध्यक्षाचा हुकूम आहे, आणि आजोबा त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतात. आई खूप हसली. बाबा म्हणाले, "जाऊ दे की. तूच जज हो." ते एकदम रिलॅक्स्ड होते, कारण मी सात वर्षांची असल्यापासून 'आजोबांना इकडेच राहू दे' म्हणते आहे. मग आईने सेनेट होऊन भांडी आवरताना मला प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न होता, "तू फेअर राहशील?" मी हो म्हटलं आणि कन्फर्म झाले.

सो केस चालू झाली आहे. बाबांनी प्रॉमिस केलंय की निकाल ऐकणार. तुम्ही पण करा. आणि खरं सांगा, तुम्हाला का यायचं नाही?

तुमची,
इरा

साउथहॅम्प्टन
२३ मार्च २०२५

माननीय न्यायमूर्ती इरावती यांस,

आशीर्वाद. न्यायमूर्तींना आशीर्वाद चालतात का, हे पुस्तकात सापडलं नाही. उत्तराला उशीर झाला आणि अक्षरही कोंबडीचे पाय झालंय. नवं पेन धड चालत नाही, सांभाळून घे.

का यायचं नाही, ते सांगतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या मोठ्या दारात निळा पट्टा घालून उभा असतो, हे तुला ठाऊक आहे. काम काय, तर चुकलेल्यांना वाट दाखवायची. मागे एक गृहस्थ आले, हातात टेस्कोची पिशवी, पिशवीत बायकोचा गाऊन. वॉर्डाचं नाव विसरले होते, बायकोचं नाव सांगतानासुद्धा दोनदा चुकले, इतके घाबरलेले. मी यादीत वॉर्ड शोधला, आणखी काही न विचारता त्यांचा दंड धरला आणि चालायला लागलो. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "तुम्ही इथे डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "होतो." म्हणाले, "तरीच." त्या 'तरीच'वर मी आठवडाभर जगतो.

हॅरोला मी काय करू? सकाळी साडेसातला तुम्ही मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडणार, मी खिडकीशी बसून पोस्टमनची वाट बघणार. संध्याकाळी सगळे माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलणार. मला कुणी सांभाळलेलं मला सोसणार नाही, बाळ. मी लोकांना सांभाळत आलो.

तुझ्या बापाचा हेतू चांगला आहे. पण हॅरोत बसून माझा संसार चालवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. आमच्या थिएटरमध्ये सर्जन केवढाही मोठा असो, मी 'पेशंट तयार नाही' म्हटलं की सुरी खाली ठेवावी लागायची. तुझं कोर्ट मला तसंच दिसतंय. राष्ट्राध्यक्ष सुरी घेऊन उभा आहे, पेशंट तयार नाही.

निकाल पाळायचं वचन देतो.

तुझा,
आजोबा

हॅरो
६ एप्रिल २०२५

प्रिय आजोबा,

'तरीच' मी वहीत लिहून ठेवलं.

आता बाबांची बाजू. जानेवारीत तुम्ही दोन दिवस फोन उचलला नाही. बाबा ऑफिस अर्धवट सोडून, गाडी काढून तुमच्याकडे आले, आणि तुम्ही मागच्या शेडमध्ये कुंड्या धूत होतात. तुम्ही त्यांना म्हणालात, "अरे, आज काय काम काढलंस?" त्यांनी चहा घेतला आणि परत आले. आम्हाला ते फक्त म्हणाले, ट्रॅफिक होता. पण मी काल विचारलं तेव्हा म्हणाले, त्या दिवशी मोटरवेवर त्यांनी मनात तुमचं फ्युनरलसुद्धा केलं होतं. कोण कोण येईल ते मोजलं होतं.

मला वाटतं त्यांनी फेब्रुवारीतल्या फोनमध्ये हे सांगायला पाहिजे होतं. त्यांनी एजंटचं नाव सांगितलं.

शेवटचा प्रश्न, शपथेवर. कोर्ट आपणहून शोधत फिरत नाही, समोर आणलेल्या पुराव्यावर ठरवतं, म्हणून विचारते. जानेवारीनंतर काही झालंय का? पडलात? आजारी होतात?

तुमची,
इरा

साउथहॅम्प्टन
१३ एप्रिल २०२५

चि. इरावतीस,

फ्युनरलचं ऐकून दोन दिवस काही सुचलं नाही. तो माझ्याकडे चहा पिऊन गेला, साखर कमी आहे एवढंच बोलला.

शपथेवर सांगतो, मी ठणठणीत आहे. मी स्वतः डॉक्टर आहे, काही असतं तर मला आधी कळलं असतं.

पुस्तकात मात्र एक गोष्ट वाचून चाट पडलो. त्या सुप्रीम कोर्टाकडे फौज नाही. राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली लाखो माणसं, तो सैन्याचाही मुख्य. कोर्टाकडे नऊ माणसं, त्यांचे काळे झगे आणि एक इमारत. निकाल लिहायचा, आणि समोरचा तो पाळेल अशा भरवशावर बसायचं. हल्ली बातम्यांत रोज एक आदेश निघतो आणि कुठलंतरी कोर्ट तो अडवतं, तेव्हा मी आता अडवणाऱ्यापेक्षा अडणाऱ्याकडे बघतो. थांबतोय का हा, की जातोय पुढे? परीक्षेत यावर प्रश्न येईल, लिहून ठेव.

अभ्यास कर, जेवत जा.

तुझा,
आजोबा

हॅरो
२७ एप्रिल २०२५

प्रिय आजोबा,

निकाल. साउथहॅम्प्टन विरुद्ध हॅरो.

राष्ट्राध्यक्षाला अधिकार दोनच ठिकाणांहून मिळतो, घटनेतून किंवा काँग्रेसने केलेल्या कायद्यातून. बाबांची ऑर्डर काळजीतून आली आहे. काळजी खरी आहे, कोर्टाने ती पाहिली आहे, पण तिच्यातून अधिकार निघत नाही. घर आजोबांचं आहे. आयुष्य पण. ते आजारी असल्याचा पुरावा समोर नाही. म्हणून ऑर्डर रद्द.

आयडिया चांगली आहे का, हे या कोर्टाला विचारलेलं नाही. म्हणून त्याच्यावर कोर्ट काही म्हणत नाही.

मी हे टेबलावर उभी राहून, म्हणजे टेबलाजवळ उभी राहून, वाचलं. बाबांचा चेहरा असा झाला की मी शेवटची लाइन फास्ट वाचली. मग त्यांनी माझ्यासमोरच एजंटला फोन करून कॅन्सल केलं आणि गाडी धुवायला गेले. पाऊस पडत होता.

तुम्ही जिंकलात आजोबा. मी खूश आहे.

तुमची,
इरा

हॅरो
५ मे २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मराठीत किती वर्षांनी लिहितोय आठवत नाही. मंजिरी शेजारी बसली आहे, इराच्या चुका काढते तशा माझ्याही काढायला.

इराने सांगितलं ते मान्य आहे. आता घराचा विषय काढणार नाही. तिला जज करताना मला वाटलं होतं की निकाल माझ्या खिशात आहे. तुम्हाला हसू येत असेल.

एकच मागणं. फोन केला की उचलत जा. मी काय बोलतो ते ऐकू आलं नाही तरी चालेल. उचलला की मला कळतं.

मिहीर

साउथहॅम्प्टन
१९ जून २०२५

चि. इरावतीस,

तुझा पेपर होऊन गेला असेल. तोवर थांबलो होतो. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.

मी शपथेवर खोटं बोललो. बारा मार्चला सकाळी मी बाथरूममध्ये पडलो. उजवं मनगट मोडलं. शेजारच्या मार्गारेटकडे किल्ली असते, ती माझी सांडशी परत करायला आली म्हणून मी सापडलो. तोपर्यंत पाऊण तास फरशीवर होतो. सहा आठवडे प्लॅस्टर. पेनाचा काहीएक दोष नव्हता, मी डाव्या हाताने लिहीत होतो. मंगळवार-शुक्रवारही बंद होते. मार्गारेटला तंबी दिली होती की मिहीरला एक अक्षरही कळता कामा नये. ती बिचारी अजून माझ्यावर चिडून आहे.

चाळीस वर्षं प्रत्येक पेशंटला मी एक प्रश्न विचारला. शेवटचं काय खाल्लंत, आणि केव्हा? निम्मे लोक बिस्किट लपवायचे. ऑपरेशन पुढे ढकलतील या भीतीने. मी फार रागवायचो. म्हणायचो, अहो, भूल द्यायची ती तुमच्या शब्दावर, तुम्हीच खोटं सांगितलंत तर मी काय करू? आणि मी माझ्या नातीसमोर बसून बिस्किट लपवलं. तू सरळ मनाने निकाल दिलास आणि तो खोट्या पुराव्यावर उभा राहिला, माझ्यामुळे.

निकाल आला त्या दिवशी मला आनंद झाला नव्हता. खाई त्याला खवखवे. पण मिहीरचं पत्र आलं आणि मग मला राहवेना. त्या दिवशी मी फरशीवर असताना फोन वाजत होता, इरा. एरवी मला ऐकू येत नाही, तेव्हा स्वच्छ ऐकू येत होता. दोनदा वाजला. मला माहीत होतं तो मिहीरचा आहे. हात पोचत नव्हता. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, अंघोळीला गेलो होतो.

मला भीती वाटली, बाळ. पडण्याची फारशी नाही. कुणाच्या हातचं खेळणं होण्याची वाटली.

खटला पुन्हा उघड. हे पत्र बापाला दाखव. तू जे ठरवशील ते मी पाळीन.

तुझा,
आजोबा

हॅरो
२४ जून २०२५

आजोबा,

हे पत्र आईला दाखवलं नाही. चुका असतील.

मला खूप राग आली. मी दोन दिवस तुम्हाला मनात वाईट वाईट बोलले. पाऊण तास! मी त्या आठवड्यात सेनेट कसं मत देतं त्याचे फ्लॅशकार्ड्स बनवत होते.

बाबांना पत्र दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. फोनचं आलं तिथे थांबले, मग वर मागच्या खोलीत जाऊन बसले. आजोबा, ती खोली. बाबांनी फेब्रुवारीत ती रंगवली. शेल्फ केली, सगळी खाली खाली, हात वर करायला लागू नये अशी. बाथरूममध्ये धरायला दांडा लावला. आम्हाला म्हणाले, ऑफिस करतोय. दांडा कशाला लागतो ऑफिसला? निकालानंतर ते दार बंद होतं. मी दाराबाहेर उभी राहिले. ते रडत होते, मग नाक साफ केलं आणि म्हणाले, "दांडा थोडा वर लागलाय, खाली घ्यायला हवा."

आता माझं. ज्या जजला केसमधून स्वतःला काही हवं असतं, त्याने बाजूला व्हायचं असतं. मी पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. मला तुम्ही इथे इतके पाहिजे होता की मला भीती वाटली, मी चीट करेन. म्हणून मी उलट्या बाजूला जोरात वाकले. ते पण फेअर नाही.

आणि मी पण बिस्किट लपवलं आहे. ग्रेड्स आल्या तर मी सप्टेंबरमध्ये एडिनबराला युनिव्हर्सिटीत जाणार. मार्चपासून माहीत आहे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी नसेन हे कळलं तर तुम्ही कधीच येणार नाही असं वाटलं. म्हणजे तुम्ही आलात तर जास्त दिवस तुम्ही आणि बाबा आणि आईच. डिनरला तुम्ही आणि बाबा किती बोलाल मला माहीत नाही. साखर कमी आहे एवढंच बोलाल.

मी दुसरा निकाल देणार नाही. मी आता जज नाही, फक्त नात आहे. मला वाटतं तुम्ही यावं. पण ते तुम्ही ठरवायचं, आणि खरं सगळं समोर ठेवून.

खूप प्रेम,
इरा

साउथहॅम्प्टन
३० जून २०२५

चि. मिहीरास,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने. इरावतीला वेगळं लिहितोय, एडिनबराच्या थंडीबद्दल. पोर जाते आहे याचा आनंद आहे, आणि लपवल्याबद्दल तिला रागवायचं तोंड मला उरलेलं नाही.

त्या दिवशी तुझा फोन मी ऐकला होता. एवढं तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. चुकलो.

तू माझ्यासाठी खोली रंगवलीस आणि सांगितलंस काय, तर एजंटचं नाव. मी चिडलो होतो. काल शांतपणे बसून विचार केला, हा असा कुणावर गेला? तू अकरा वर्षांचा असताना मी एका संध्याकाळी येऊन सांगितलं की सोमवारपासून तुझी शाळा बदलली. तुला विचारलं नाही. तुझे मित्र जुन्या शाळेत होते, मला ते माहीत होतं. तू दप्तर भरलंस. तुझी आई मला म्हणाली, त्याला निदान विचारायचं तरी. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? त्याच्या भल्याचंच आहे.

या घरात प्रेम नेहमी हुकूम होऊनच बाहेर पडलं. ते मी तुला शिकवलं, तू बरोबर शिकलास.

कोर्ट आता नाही. तुझी ऑर्डरही नाही. मला कुणी आणत नाही आणि कुणी अडवत नाही. तू बोलावशील म्हणून मी वाट बघत बसलो असतो, पण तुला ते जमायचं नाही, आणि माझ्याकडे वाट बघायला फार वर्षं नाहीत. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मीच तुला विचारतो.

मिहीर, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?

बाबा